मनुष्यस्वभाव, समाजवाद आणि कोयता

गेल्या श्रावणात आमच्या महाविद्यालयात वक्तृत्वस्पर्धा झाली. अशा स्पर्धेचा विषय ठरविण्याचे काम दरवर्षी मराठीच्या प्राध्यापकाच्याच गळ्यात येऊन पडते. विषय गहन हवा, पण मुलांना झेपणारा हवा, आणि प्राचार्यांना अडचणीत आणणारा तर मुळीच नको! जुन्या वह्या चाळता चाळता एका पानावर मला विषय सापडला : 'मनुष्यस्वभाव पाहता समाजवाद यशस्वी होईल काय?' आमच्या आधीच्या पिढीने यावर चहाचे किती पेले रिचवले असतील आणि किती मैत्र्या मोडल्या असतील कोण जाणे. आजची मुले काय म्हणतात ते पाहावे, म्हणून मी तोच विषय फळ्यावर लिहिला.

अकरा मुले बोलली. त्यांतल्या नऊ जणांचे म्हणणे एकच होते. तत्त्व म्हणून समाजवाद चांगला, पण माणूस मुळात स्वार्थी. सर्वांना सारखे मिळणार म्हटल्यावर राबणार कोण? पुराव्यादाखल रशिया होताच. सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित झाला हे प्रत्येकाने हात उंचावून सांगितले. ज्याला पहिले बक्षीस मिळाले त्याने मुंगी आणि टोळ यांची गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या.

दहाव्या क्रमांकावर बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा उठला. बालाघाटाच्या डोंगरावरच्या एका लहानशा गावचा. त्याचे आईवडील दर साल ऊसतोडीला जातात आणि तोही दोन हंगाम त्यांच्याबरोबर गेला होता. पाच मिनिटांपैकी त्याने दीड मिनिट घेतले. तो म्हणाला, "आमच्या टोळीत दहा कोयते असतात. कोणाचा हात चालतो, कोणाचा चालत नाही. पण तोडीचे पैसे सगळ्या कोयत्यांना सारखे वाटतात. तरी काम होतं. रोज गाडी भरते. आम्हाला हे कोणी शिकवलं नाही." एवढे बोलून तो खाली बसला. मी परीक्षक होतो. 'विषयाची मांडणी' या सदरात मी त्याला दहापैकी चार गुण दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात 'विषयांतर' असे लिहिले.

त्या दिवशी घरी जाताना वाटेत मला जाणवले की, अकरा जणांत विषयाला धरून बोललेला तो एकटाच होता.

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी टोळीचा हा कारभार थोडा उलगडून सांगितला पाहिजे. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांतली गावेच्या गावे दसरा-दिवाळीच्या सुमारास रिकामी होतात. घरी राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी काही पोरे. बाकीचे सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर आणि थेट कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात. राज्यातल्या ऊसतोड मजुरांत सर्वांत मोठा वाटा आमच्या जिल्ह्याचा. या धंद्यात 'कोयता' म्हणजे नुसते हत्यार नव्हे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला तर तो 'अर्धा कोयता'. मुकादम पावसाळ्यातच प्रत्येक कोयत्याला 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती पुढे तोडीच्या पैशांतून फेडावयाची. फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या मानगुटीवर बसते. टनामागचा दर कारखान्यांचा संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यातल्या करारात ठरतो. २०२४ च्या जानेवारीत या दरात ३४ टक्क्यांची वाढ झाली, ती कितीतरी वाटाघाटी आणि संपाचे इशारे यांच्यानंतर.

बैलगाडीवाल्यांचा हिशोब निराळा आहे. ज्याची गाडी त्याचे वजन. पण ट्रक किंवा ट्रॅक्टर भरणाऱ्या टोळीत अमुक ऊस कोणी तोडला हे सांगताच येत नाही. दहा कोयते एका फडात उतरतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून वाहून गाडीत चढवतात आणि काट्यावर सगळ्यांचे एकच वजन होते. म्हणून वाटणीही कोयत्यागणिक सारखी. आता आपले नऊ वक्ते म्हणतील तसे इथे प्रत्येकाने कामचुकारपणा करावयास हवा. आपण दोन मोळ्या कमी बांधल्या तर आपले नुकसान दहावा हिस्सा, आणि विश्रांती मात्र पुरी सोळा आणे! मग माणूस तसे का करीत नाही?

स्पर्धेनंतर आठ दिवसांनी मी त्या मुलाला बोलावून हाच प्रश्न विचारला. तो हसला. "सर, शेजारच्या पातीला माझा काका असतो. पलीकडे वडवणीचे पाहुणे. मी मागं राहिलो तर सगळ्यांना दिसतं. संध्याकाळी कोपीवर कोणी काही बोलत नाही, पण पाण्याला जाताना मला हाक मारत नाहीत." पाण्याला जाताना हाक न मारणे! दंडसंहितेत ही शिक्षा कुठेही नाही. परंतु शंभर कोसांवरच्या परक्या मुलखात, पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या माणसाला ती पुरते.

आता याच उसाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. ज्यांचा ऊस ही माणसे तोडतात त्यांनीही एके काळी समाजवादाचाच एक प्रयोग केला होता. १९५० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. पुढे १९५५ साली आवडी येथील अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. पण लोणीच्या शेतकऱ्यांनी त्या ठरावाची वाट पाहिली नव्हती. दोन एकरांचा धनी असो वा पन्नास एकरांचा, सभासदाला मत एकच आणि टनाला भाव एकच. खेड्यातली सारी उतरंड ज्या काळात शाबूत होती त्या काळात हा नियम म्हणजे केवढी क्रांती!

ही माणसे काय संत होती? मुळीच नाही. गुळाच्या बाजारात दलाल नाडत होता, खासगी कारखानदार म्हणेल तो भाव घ्यावा लागत होता. एकट्याने त्यातून सुटका नव्हती, म्हणून ती एकत्र आली. स्वार्थ हीच त्या यंत्रातली वाफ होती; फक्त तिला कोंडून योग्य नळीतून सोडण्याची युक्ती विखे-गाडगीळांना साधली. 'माणूस स्वार्थी आहे म्हणून समाजवाद चालणार नाही' असे म्हणणाऱ्याने प्रवरेच्या काठी एकदा जाऊन यावे. माणूस स्वार्थी होता म्हणूनच तिथे तो चालला.

आणि पुढे पुष्कळ ठिकाणी बिघडला, तोही का? सभासदाला आपल्या गाडीचे वजन कळत राहिले, पण कारखान्याचा जमाखर्च कळेनासा झाला. वार्षिक सभेत अहवाल वाचायचा आणि मंडपाच्या मागच्या टोकाकडून 'मंजूर, मंजूर' असा घोष उठायचा, हे दृश्य महाराष्ट्रात कोणी पाहिले नाही? कितीतरी कारखाने कर्जात बुडाले, लिलावात निघाले. आज राज्यात गाळप करणाऱ्या कारखान्यांपैकी सुमारे निम्मे खासगी आहेत. टोळीत काकाचे डोळे असतात. वीस हजार सभासदांच्या कारखान्यात कोणाचे असावेत, या प्रश्नाचे उत्तर सहकाराने वेळेवर दिले नाही.

आमच्या नऊ वक्त्यांपैकी कोणी वाचन केलेले असते तर त्याने चीनचा दाखला दिला असता. १९७८ साली आन्हुई प्रांतातल्या शाओगांग नावाच्या खेड्यात अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप एका कागदावर अंगठे उमटवले आणि सामुदायिक जमीन आपापसांत घरटी वाटून घेतली. पीक वाढले, आणि पुढे सरकारनेच ती वाट धरली. दाखला बिनतोड आहे, मी नाकारीत नाही. पण तिथल्या कम्यूनमध्ये हजारो कुटुंबे एकत्र कोंबलेली होती आणि बाहेर पडण्याची कोणालाही मुभा नव्हती. उलट, १९१० साली गॅलिलीच्या सरोवराकाठी देगानिया नावाची जी पहिली वसाहत ज्यू तरुणांनी वसवली, तिथे लोक आपखुशीने आले होते, जाऊही शकत होते. अशा वसाहतींत सर्वांना सारखे हा नियम दोन-तीन पिढ्या टिकला. १९९० नंतरच्या काळात बहुतेकींनी कमीजास्त वेतन स्वीकारले, हेही खरे. तेव्हा नुसत्या 'मनुष्यस्वभाव' या शब्दाने काही उलगडत नाही. तोच माणूस एका व्यवस्थेत आळशी होतो आणि दुसरीत पहाटे तीनला उठतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषींना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच प्रश्नाच्या अभ्यासाबद्दल. सामाईक कुरणे, पाट, मासेमारीची पाणथळे लोक शतकानुशतके कशी सांभाळतात हे त्यांनी देशोदेशी तपासले. जिथे नियम लोकांनी स्वतः केले, जिथे एकाची नजर दुसऱ्यावर आहे, जिथे पहिल्या चुकीला सौम्य शिक्षा आणि पुढच्या चुकीला कडक, तिथे सामाईक वस्तू टिकते, असे त्यांना दिसले. पाण्याला जाताना हाक न मारणे ही सौम्य शिक्षाच नव्हे काय? आणखी एक अट त्यांनी सांगितली आहे : आत कोण आणि बाहेर कोण, याची सीमा स्पष्ट हवी.

मला अस्वस्थ केले ते या शेवटच्या अटीने.

सहकारी कारखान्याची सीमा अगदी स्पष्ट होती. ज्याचा ऊस तो आत. ज्याच्यापाशी ऊस नाही, जमीन असली तर मुरमाड आणि पावसावरची आहे, तो बाहेर. सभासद-यादीत ऊस तोडणाऱ्याचे नाव येण्याचे कारणच नव्हते. कारखान्याचा करार होतो तो मुकादमाशी आणि वाहतूकदाराशी. मजूर कोणाचा, असे विचारले की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. कुंपणाच्या आत समता नांदली. ती नांदावी म्हणून साखर स्वस्त पडावी लागली. आणि साखर स्वस्त पडावी म्हणून तोडणीचा दर कुंपणाबाहेर ठेवावा लागला. कोणी दुष्ट होता म्हणून हे झाले असे मी म्हणत नाही. लोणीचा शेतकरीही काल-परवापर्यंत नाडलेलाच होता.

इतिहासाची मौज पाहा. प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील मूळचे वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे, म्हणजे आज जिथे ऊस डोलतो त्या कृष्णाकाठचे. १९६७ साली ते कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेवर निवडून गेले ते आमच्या बीडमधून. १९७७ साली बीडने पुन्हा एका कम्युनिस्टाला, गंगाधरअप्पा बुरांडे यांना, दिल्लीला पाठविले. कृष्णाकाठचा पुढारी बीडला आला आणि बीडचा मजूर कृष्णाकाठी गेला. त्यांच्यातला हिशोब मात्र दोन्हीकडे बाकीच राहिला.

मजूर कुंपणाबाहेर राहिला असे म्हणून मी थांबलो असतो, तर हा लेख सोपा झाला असता. परंतु त्याच मुलाने मला आणखी एक कुंपण दाखविले. मी त्याला विचारले, "अरे, टोळीत सगळ्यांना सारखे म्हणतोस, मग आईला किती मिळतात?" त्याला प्रश्नच कळला नाही. आईला वेगळे कसे मिळणार? पैसे कोयत्याला मिळतात आणि कोयत्याचे पैसे वडिलांच्या हातात येतात. आई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, उजाडायच्या आत फडात येते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, संध्याकाळी पाणी, सरपण, पुन्हा चूल. समान वाटणीच्या त्या गणितात ती अर्धी आहे, आणि ते अर्धेही तिच्या नावाने कुठे मांडलेले नाही.

एखाद्या दिवशी कोयता कामावर आला नाही तर त्याला 'खाडा' म्हणतात. खाड्याचे पैसे कापले जातात. या खाड्याची धास्ती काय असते हे २०१९ साली साऱ्या देशाला कळले. बीडच्या ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार होतात असे उघड झाले आणि शासनाला समिती नेमावी लागली. पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यामागे कारणे अनेक असतील. औषधोपचारांचा बाजार आहे, अज्ञान आहे. पण दुखणे अंगावर काढून खाडा टाळण्याची सक्तीही त्यांत आहेच.

आपल्या एकत्र कुटुंबांचे तरी निराळे काय होते? कमावता एक आणि खाणारे दहा, आजारी माणसाचे औषध त्याच्या मिळकतीवर ठरत नसे, विधवा आत्येला दोन वेळचे जेवण कोणी मोजून घालीत नसे. समाजवाद याहून काय वेगळे मागतो? तो घरोघरी चालला आणि मनुष्यस्वभाव आड आला नाही. मात्र दिवाळीच्या फराळाला पाटावर बसणाऱ्यांत आणि कढईपाशी घाम पुसणाऱ्यांत समता होती काय, हे वाचकांपैकी वडीलधाऱ्या स्त्रियांनी सांगावे. ती घरे मोडली तेव्हा दोष सुनांच्या स्वार्थाला देण्यात आला. मला वाटते, ज्यांचा हिशोब कधी मांडलाच गेला नव्हता त्यांनी तो मागितला, एवढेच घडले.

'हे सारे मजुरांचे नि शेतकऱ्यांचे झाले, आमचा काय संबंध?' असे म्हणणाऱ्या नोकरदार वाचकांनी एकदा आपले पगारपत्रक काढून पाहावे. त्यात 'व्यवसायकर' नावाची कपात असते. महिन्याला दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली बसला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे आमच्या जिल्ह्यात अजून भेटतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. काम मागेल त्याला काम ही कल्पना वि. स. पागे यांची. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि केंद्राने २००५ साली जो रोजगार हमीचा कायदा केला त्याच्यासमोर हाच नमुना होता.

पागे यांची मनुष्यस्वभावाची जाण फार बारीक होती. गरजू कोण हे ठरवायला त्यांनी समित्या नेमल्या नाहीत. काम कष्टाचे ठेवले आणि मजुरी बेताची. ज्याचे पोट भरलेले आहे तो दगड फोडायला उन्हात येणारच नाही. जो येईल तो गरजू. आणि शहरवासीयांच्या बाजूनेही असाच विचार. ज्याची ओळख नाही अशा खेडुतासाठी दरमहा वर्गणी द्या म्हटले असते तर आपण किती जणांनी दिली असती? पण पगार हातात पडण्यापूर्वीच कापला गेला, सर्वांचाच कापला गेला, आणि आपण विसरून गेलो. खोटी मस्टरे झाली, मेलेल्यांचे अंगठे उमटले, पैसे मुरले, हे मान्यच करावे लागेल. तरीही हजारो पाझर तलाव आणि रस्ते उभे राहिले. विशेष म्हणजे त्या मस्टरवर बाईचे नाव स्वतंत्र होते, तिची मजुरी तिच्या नावावर होती. कोयत्याने जे केले नाही ते सरकारी कागदाने केले!

कुंपण निराळ्या जागी घालता येते याचे आणखी एक उदाहरण पुरंदर तालुक्यातल्या नायगावचे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने तिथे पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात. दर माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी उचलायचा, म्हणजे फुकट कोणालाच नाही. आणि उसाला बंदी! त्या सगळ्या योजना पुढे टिकल्या असे नाही. पण जिथे चालल्या तिथे चालवणारी माणसे तुमच्या-आमच्यासारखीच होती. त्यांच्या स्वभावात काही फरक नव्हता. यादी करताना पहिला प्रश्न 'जमीन किती?' असा न विचारता 'घरात माणसे किती?' असा विचारला गेला, इतकेच.

परवा तो मुलगा स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. दसरा झाला की टोळी निघणार आणि या वर्षी वडिलांची पाठ दुखावल्यामुळे त्यालाही जावे लागणार. मी त्याला आत बोलावून बसविले. टोळीत कोणी आजारी पडला तर काय करतात, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले होते.

"आठ दिवस सगळे सांभाळून घेतात, सर. त्याचा वाटा चालू राहतो. मग हळूहळू कुरकूर सुरू होते. पंधरा दिवस झाले की मुकादम खाडा धरतो. मग कोणी बोलत नाही."

"आणि आई आजारी पडली तर?"

त्याने थोडा विचार केला. "आईचा खाडा पडलेला मला आठवत नाही."

वर्गातल्या हजेरीचे काय करावयाचे ते मी त्याला समजावून सांगितले. स्पर्धेतल्या गुणांविषयी त्याने काही विचारले नाही, आणि मलाही तो विषय काढता आला नाही. जाताना त्याने परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख विचारली. ती अजून लागलेली नव्हती. लागली की फोन करीन, असे मी सांगितले आणि त्याचा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. फडात दुपारी रेंज नसते, रात्री नऊनंतर करा, असे तो म्हणाला.